तेलकाकांची चार हजार उत्तरं

तेलकाकांना मी अकरा वर्षं ओळखत होते, पण त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो एका सोमवारी सकाळी. फोन करून ते म्हणाले, "ताई, मी फोरमवर जे काही लिहिलंय ते सगळं पुसून टाका." माझी कात्री अर्ध्या कापडात तशीच थांबली.

आधी हे काका कोण ते सांगते. शिलाई मशीन दुरुस्तीचा आमचा एक फोरम आहे. ज्याचं मशीन अडतं तो प्रश्न टाकतो, ज्याला येतं तो उत्तर देतो. नऊ हजार माणसं आहेत आणि त्यातली निम्मी भांडखोर. काका तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात मेकॅनिक होते, मग त्यांनी एका जिन्याखाली स्वतःचं दुकान काढलं. त्यांचं प्रत्येक उत्तर "आधी तेल घाला" या तीन शब्दांनी सुरू व्हायचं, म्हणून सगळे त्यांना तेलकाका म्हणत. मशीनला आग लागली असं कुणी लिहिलं तरी हे आधी तेलच घालायला लावतील, अशी आमची चेष्टा चालायची. काका तीही मनावर घेत नसत.

नवरा गेल्यानंतर मी एक जुनं मशीन घेऊन शाळेच्या गणवेशांचं पहिलं काम धरलं होतं. चाळीस गणवेश, चार दिवस, आणि मशीन दर वीतभर शिवणीला दोन टाके सोडत होतं. मी त्याला चापट्या मारल्या, शिव्या घातल्या, शेवटी फोरमवर एक प्रश्न लिहिला. त्यात प्रश्न कमी आणि थयथयाटच जास्त होता. दहाव्या मिनिटाला उत्तर आलं: "आधी तेल घाला. मग सुई बघा. तुम्ही ती उलटी बसवली आहे, सपाट बाजू दुसऱ्या अंगाला हवी. लाज वाटून घेऊ नका. धंद्यात बावीस वर्षं काढल्यावर मीही हेच केलं होतं आणि दोन दिवस मोटर खोलून बसलो होतो." सुई फिरवली आणि मशीन चालू लागलं. पुढे मी त्यांच्या उत्तरांवरूनच मशीन खोलायला शिकले. आज माझं पोट ज्या कामावर चालतं ते मला या माणसाने शिकवलं, तेही फुकट आणि माझं तोंड न बघता.

नंतर फोरम सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा एका शिंपी मास्तराने भांडणाच्या भरात स्वतःची सहाशे उत्तरं एका झटक्यात उडवली होती. खाली राहिलं काय, तर लोकांचे प्रश्न आणि शेवटी "धन्यवाद, चाललं बरं का!" मधे उत्तराचा पत्ता नाही. नवा माणूस यायचा, ते धन्यवाद वाचायचा आणि डोकं धरून बसायचा. माझं डोकं फिरलं. मी पुसायचं बटणच काढून टाकलं आणि नियम केला, की इथे लिहिलेलं इथेच राहील. त्या नियमाला पहिला होकार तेलकाकांनी दिला होता.

म्हणून त्या सोमवारी मी फणकाऱ्यानेच म्हटलं, "काका, नियम आहे ना आपला."

"ठाऊक आहे. हो म्हणणारा मीच पहिला."

"मग चार हजार एकशे सोळा उत्तरं मी कशी पुसू? लोकांनी जायचं कुठे?"

ते म्हणाले, "पोरगी नोकरी सोडते म्हणतेय, ताई."

त्यांच्या मुलीची हकिकत फोरमवर सगळ्यांना ठाऊक होती. आई नसलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी खोलीत जाऊन बसली ती दीड वर्ष बाहेर आली नाही. शाळा नाही, कुणाशी बोलणं नाही, जेवणाचं ताट दारापाशी ठेवायचं. काका तिला एकटं सोडून जायला धजावत नव्हते. त्यांनी दुरुस्तीला आलेली मशीनं घरी आणली, तिच्या दाराबाहेर स्टूल टाकलं आणि तिथे बसून काम करता करता आम्हाला उत्तरं लिहिली. मनातलं सांगायला दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे उत्तरांत तेही यायचं: "आधी तेल घाला. आज पोरीने ताट आत घेतलं नाही. तर बॉबिन काढून बघा, दोरा गुंतला असेल." आम्ही आधी पोरीचं विचारायचो, मग मशीनचं. ज्या दिवशी ती बाहेर येऊन ओट्यापाशी उभी राहिली, त्या दिवशी दोनशे जणांनी काकांना लिहिलं होतं.

इथे आपल्याला कोण ओळखतंय, असं काकांना वाटे. पण सुटे भाग मागवणाऱ्यांना पत्ता मिळावा म्हणून त्यांनी प्रत्येक उत्तराखाली दुकानाच्या पाटीचा फोटो लावला होता, आणि दुकानाला त्यांनी कौतुकाने मुलीचं नाव दिलेलं. नाव, आडनाव, सगळं ठळक अक्षरात. आता ती मुलगी एका शाळेत शिकवत होती. नववीच्या एका मुलीच्या घरचं मशीन बिघडलं, तिने इंटरनेटवर शोधलं आणि पाटीवर आपल्या बाईंचं नाव वाचलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं, "आज बाईंनी ताट आत घेतलं का?"

काकांची मुलगी तास न घेताच घरी आली होती. सात दिवसांची रजा टाकली होती आणि रजा संपली की राजीनामा देणार होती. वडिलांना तिने एकच वाक्य ऐकवलं होतं, "तुम्ही हे सगळ्यांना सांगत होतात?" त्यानंतर घरात बोलणं बंद.

मी म्हटलं, "तिच्याबद्दलच्या ओळी तेवढ्या काढते. उत्तरं राहू देत." काका हो म्हणाले. मी माझं शिवणकामाचं दुकान बंद करून दिवसभर बसले आणि चाळीस उत्तरं झाली. ओळ काढावी तर पुढचं वाक्य लंगडं व्हायचं. ते सावरावं तर खाली कुणीतरी लिहिलेलं असायचं, "पोरीला सांगा, आम्ही वाट बघतोय." ते काढावं तर त्यावर आणखी दहा जणांची विचारपूस. रजेचे दिवस संपेपर्यंत हे होणारं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते संपवायचंही नव्हतं. त्या माणसाचा एक शब्द गेला तरी माझ्या जिवावर येत होतं.

गुरुवारी मी बसने त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीशी उघडं पडलेलं मशीन, भिंतीला टेकून वह्यांचा गठ्ठा. काका माझ्या कल्पनेपेक्षा बुटके निघाले. मुलगी वह्या तपासत होती. नोकरी सोडणार असली तरी वह्या मात्र तपासत होती.

तिने मला बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "माझ्याबद्दल किती जणांना माहीत आहे?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "सगळ्यांना," मी म्हटलं. मग घाईघाईने सांगू लागले, की लोक किती मायेने विचारायचे, किती जणांनी...

"असेलही," ती म्हणाली. "पण मला कुणी विचारलं होतं का? दार माझं होतं. त्याच्या बाहेर बसून लिहिलं ते बाबांनी, आणि ते ठेवायचं हे ठरवलं तुम्ही."

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. पण तिचं ऐकून घेतलं.

काका स्टुलावर बसून बोटांवरचं तेल फडक्याला पुसत होते. मी त्यांच्याकडे वळले. "काका, सगळं गेलं तर तुमचं तीस वर्षांचं ज्ञान..."

"मशीनं परत बिघडतील, मी परत सांगेन," ते म्हणाले. "पोरगी परत आत जाऊन बसली तर मला दुसऱ्यांदा जमायचं नाही."

मुलगी वहीवरून मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. माझ्या पहिल्या प्रश्नाखालचं त्यांचं उत्तर एकदा वाचलं, सुई, सपाट बाजू, लाज वाटून घेऊ नका, सगळं. मग पुसलं. काकांची सगळी उत्तरं गेली आणि त्यांच्याखालची लोकांची विचारपूसही गेली. लॅपटॉपवर ठेवलेली प्रतही मी तिच्या समोरच काढून टाकली. चार हजार एकशे सोळा उत्तरं जायला चार मिनिटंही लागली नाहीत. मुलीने "थँक्यू" म्हटलं आणि चहा ठेवायला उठली.

शुक्रवारी फोरमवर नुसता गदारोळ. मी दोनच ओळी लिहिल्या: "काकांनी सांगितलं म्हणून पुसलं. आजपासून पुसायचं बटण सगळ्यांसाठी उघडं आहे, नियम करताना माझं चुकलं होतं." आता अर्धा फोरम रिकामा होणार या धास्तीने दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. त्या महिन्यात बटण दाबलं अकरा जणांनी.

आणि मग लोक लिहायला लागले. एका बाईने काकांची दोनशे उत्तरं वहीत उतरवून ठेवली होती. तिने ती टाइप केली, फक्त मशीनपुरती. एका गाद्यावाल्याने जाड कापडाच्या सुयांचं सगळं आठवून लिहिलं. मीसुद्धा टाके सुटण्यावर लिहिलं आणि सुरुवात "आधी तेल घाला"नेच केली. नऊ हजार माणसांपैकी एकानेही मुलीचं नाव काढलं नाही. त्यांना तसं कुणी बजावलंही नव्हतं. त्या दिवसांत या लोकांचे मनातल्या मनात मी किती आभार मानले, ते माझं मलाच ठाऊक.

रजा संपल्यावर ती शाळेत गेली, एवढंच काकांनी मला कळवलं. वर्गात काय झालं ते मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी फोरमवर एक नवं खातं उघडलं. फोटो नाही, पाटी नाही. कुणाच्या तरी पट्टा घसरणाऱ्या मशीनवर चार ओळींचं नेमकं उत्तर, मधे इकडचं तिकडचं काही नाही. ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. खाली त्या वहीवाल्या बाईंनी जपून एवढंच लिहिलं, "काका, घरी सगळे बरे ना?"

काकांनी उत्तर दिलं, "तिला विचारून सांगतो."

पाऊण तासाने पुढची ओळ आली: "विचारलं. बरी आहे असं सांगा, म्हणाली. एवढंच सांगा म्हणाली."