परत एकदा इचारते

"चहा घेणार का?" बाई विचारायच्या. आलेला माणूस "नको" म्हणायचा. गाळणी हातातच धरून बाई म्हणायच्या, "परत एकदा इचारते. घेणार का?" आणि तो हटकून घ्यायचा. आपल्याकडे पहिलं 'नको' कोण खरं धरतं, तुम्हीच सांगा. "जेवलास का?" याला आलेला 'हो'सुद्धा बाई असाच पारखून घ्यायच्या. निम्मी भाकरी पुढे सरकवायच्या आणि बघत राहायच्या. मी कितीदा तरी पकडला गेलो.

शिरवळला आमची खाद्यपदार्थ तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. बाई तिथल्या सगळ्यात जुन्या, रोज वाईहून एसटीने यायच्या. जंतूंशीही त्यांची वागणूक तीच.

एकदा खंडाळ्याकडच्या बचत गटाच्या ताई कांदा-लसूण मसाला घेऊन आल्या. पुण्याच्या दुकानाची पहिलीच मोठी ऑर्डर, आणि ती आमच्या अहवालावर अडलेली. माणसाला दवाखान्यात पोचवणारा साल्मोनेला नावाचा जंतू त्यात काही सापडला नाही. मी खुशीत अहवाल टाइप करायला बसलो.

"थांब रं," बाई म्हणाल्या. "लसणानं तोंड दाबलं असंल त्याचं."

लसणाच्या जोरापुढे जंतू असला तरी आमच्या बाटलीत वाढत नाही, आणि आम्हाला वाटतं तो नाहीच. बाईंनी मसाला भरपूर पातळ करून परत तपासायला लावला. या वेळी जंतू निघाला.

ताईंना रडू आवरेना. "समदा माल टाकायचा, मॅडम?"

"व्हय गं बाय. कुणाच्या लेकराच्या पोटात जायच्या आधी टाकू." मग बाईंनी खोदून खोदून विचारलं. मिरच्या उघड्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या आणि गच्चीवर कबुतरांचा मुक्काम होता.

मिरच्या झाकून वाळवल्या, नवा मसाला आला. आमच्या काचेच्या बशीत काळे ठिपके उठले. ही साल्मोनेलाची खूण. ताईंचा चेहरा पडला, कारण दुकानदार आता तिसऱ्यांदा थांबणार नव्हता.

"गेली ऑर्डर," मी पुटपुटलो.

"हो म्हणणाऱ्याचंबी लगीच ऐकायचं न्हाई," बाई म्हणाल्या. "परत इचारू."

पुढच्या तपासण्यांत कळलं, हा भलताच, निरुपद्रवी जंतू. ठिपके तेवढे सारखे. ऑर्डर खरंच गेली, पण पुण्याला.

बाई निवृत्त होऊन सांगलीला लेकीकडे निघाल्या, तेव्हा ताई मसाल्याची पिशवी घेऊन स्टँडवर आल्या. बाईंनी वास घेतला. "तपासलाय न्हवं?"

"दोनदा, मॅडम," ताई हसल्या.

गाडीत चढताना बाई माझ्याकडे वळल्या. "माझ्याबिगर जमंल न्हवं रं तुला?"

"हो," मी म्हणालो.

बाईंनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं, पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीशी बसल्या. त्यांनी परत विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं.