पोस्टरवरचा पांढरा कागद

गेल्या जुलैच्या पहिल्या मंगळवारी, तिसऱ्या तासाला, अर्नाळ्याच्या एका शाळेत नववीच्या सगळ्या मुलींवर अन्याय झाला. स्वतःचे स्तन कसे तपासायचे, हे दाखवणाऱ्या मी आरोग्यसेविका म्हणून नेलेल्या पोस्टरवर मोठ्या बाईंनी पांढरा कागद चिकटवला. नेमका छातीवर. बाईच्या चित्रात उरलं काय? डोकं आणि हात.

“बाई, आता ही काय तपासतेय?” मी विचारलं.

“मुली समजूतदार आहेत. आणि तो शब्द नको. ‘वरचा भाग’ म्हणा.”

“वरचा भाग म्हणजे डोकं ना, बाई?” तेजल मागून म्हणाली. वर्ग खिदळला.

मी पिशवीतून मॉडेल काढलं. रबरी स्तन, आत खोटी गाठ. बाईंचा कागद संपला होता. सोबतचं पत्रक मला पाठच आहे, तेच म्हणून दाखवलं: महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, तीन बोटं सपाट ठेवून, गोल फिरवत काखेपर्यंत. तुमच्या वयात कॅन्सर क्वचितच होतो, बहुतेक गाठी साध्या असतात. पण सवय आत्ताच लावा.

मॉडेलमधली गाठ तेजलला लगेच सापडली. ट्रेनिंगमध्ये मला अर्धा तास लागला होता!

“ताई, आमी पापलेट असाच दाबून घेतो.” मग तिचा हात थांबला. हळूच म्हणाली, “आयच्या काखेजवल अशीच हाय. दुखत नाय म्हनून दाखवत नाय.”

“न दुखणारी आधी दाखवायची.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मासळीबाजारात. तिची आई म्हणाली, “धंद्याच्या टायमाला कसली गाठ?”

तेजलचे हात कमरेवर. “आये, न दाबता पापलेट घेतेस कवा? मग ही गाठ तशीच ठेवलीस?”

शेजारणी हसल्या. आई चिडली, मग टोपली शेजारणीकडे सरकवून उठली.

हॉस्पिटलात आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. मग बायोप्सी: सुईने गाठीतला कण काढून तपासणं. कॅन्सर निघाला. लहान, न पसरलेला. ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. ती परत टोपलीमागे बसते. कुणी बाई मासे घ्यायला आली की आधी विचारते, “सोताला तपासलंस?” भाव नंतर. हे लिहायलाही तिनेच सांगितलं.

मोठ्या बाईंनी पोस्टर परत केलं. कागद काढताना खालचं चित्र फाटलं होतं. “नवीन आणा,” त्या म्हणाल्या, “आठवीलाही दाखवू.”

कागद लावल्याने गाठ जात नाही, फक्त डॉक्टरकडे जायचा दिवस लांबतो. तेव्हा उद्याच तुमच्या मुलीच्या शाळेत जा आणि विचारा, हा तास कधी आहे? ‘बघू’ म्हणाले, तर तारीख मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.