पाला आणि पोवळं

माशांच्या टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं आणि माझे हात कोपरापर्यंत आत होते. शेजारच्या कुलकर्णीबाई दारात येऊन म्हणाल्या, "हॉस्पिटलातून फोन होता..." मी म्हटलं, "गेला ना? सांगा." त्यांनी मान हलवली. माझा धाकटा भाऊ दामू गेला होता, आणि त्यानं सांगितलेलं एकच काम मी बिघडवून बसले होते.

आम्ही मूळचे उरणचे. दामूनं लग्न केलं नाही, मी विधवा, म्हणून सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. एकदा ओहोटीला खडकातून तो दगड घेऊन आला. त्यावर बटणांएवढी पोवळी, उजेड पडला की उघडायची. मग काचेची टाकी आली, ट्यूबलाइट आली, उरणहून कॅनमधून समुद्राचं पाणी, दोन बारके मासे. आणि हिरवा पाला, लांब दोरीला बारीक द्राक्षं लागावीत तसा. मला तो घाण वाटायचा.

"पोवळं दाखवतो म्हणालास आणि मेथी लावलीस!"

"मेथी हाय म्हनून पोवलं हाय, अक्का. पानी तीच धुते."

दर रविवारी तो एक दोरी टोकापासून अलगद सोडवून काढायचा. तुटली तर रस सुटून पाणी नासतं, हे त्यानं दहा वेळा सांगितलं असेल. मी भाजी निवडत हो म्हणायची.

हॉस्पिटलात पाच दिवस होता. रोज विचारायचा, "उघडलं का?"

"उघडलं. तू जेवलास का ते सांग."

"मी येस्तवर पाल्याला हात लावू नको."

पाचव्या दिवशी पाला पोवळ्यावर चढलेला दिसला. तो घरी येईल तेव्हा टाकी स्वच्छ दिसावी, म्हणून मी मुठीनं उपटला.

त्याला पोचवून आलो तर मासे मेलेले, पोवळी मिटलेली. तिसऱ्या दिवशी मी कॅन घेऊन उरणला निघाले. कुलकर्णीबाई म्हणाल्या, "अहो, दहावा तरी होऊ द्या." मी म्हटलं, "तोवर पोवळं मरेल." परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजी, रॉकेल चालणार नाही."

"पाणी आहे."

"उरणातून पाणी नेताय?"

"खारं."

त्यानं तिकीट फाडलं आणि कॅन सीटखाली सरकवून दिले. कॅन भरून उचलवत नव्हते, अर्धेच भरायची. अशा चार खेपा केल्या. पाठ गेली ती अजून धड नाही. नवव्या दिवशी एक बटण उघडलं, मग बाकीची. कुणाला सांगणार... पोळ्या करायला घेतल्या.

आता दीड महिना झाला. दगडाच्या फटीत पाल्याची मुळं राहिली होती, तो पुन्हा वाढला. रविवारी स्टूल घेऊन बसते आणि एक दोरी सोडवते. अर्धा तास लागतो. कंटाळा येतो, पण तुटू देत नाही.

दामू गेला, मासे गेले. पोवळं जगलं, पाला जगला, आणि मी.