आण्णा टचमध्ये नाही

विट्याच्या एसटी स्टँडवर आईनं मला निरोप दिला तेव्हा माझी दहावी नुकतीच बुडाली होती. मला न्यायला भावकीतले एक चुलते आले होते. कोइमतूरला त्यांचं गलाईचं दुकान होतं, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या कोरड्या भागातली निम्मी गावं याच धंद्यानं बाहेर गेली. पोराला मिसरूड फुटायच्या आत कुणाच्या तरी भट्टीवर धाडायचं, ही आमच्याकडची रीतच. त्याला घर सोडलं असं कुणी म्हणत नाही, ‘दुकानावर गेलाय’ म्हणतात. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. शेणामातीनं भेगाळलेली तिची बोटं गालाला टोचली. “आगीपास्नं हात जप रं,” एवढंच म्हणाली. धाकटा विलास तिचा पदर धरून उभा होता. मी मजा मारायला चाललोय असं त्याला वाटत होतं. अजूनही त्याला तसंच वाटतं.

कोइमतूरला जाऊन मी पहिला शब्द शिकलो तो तमिळ नव्हता, इंग्रजी होता. टच. तोवर हा शब्द मला कबड्डीपुरता माहीत. देवळामागच्या मैदानावर गडी शिवून मागं पळाला की पंच ओरडायचा, “टच!” इथं पेठेत मात्र टच म्हणजे सोन्याचा कस. गावाकडचे जुने लोक टंच म्हणायचे तोच. दागिना मुशीत वितळवायचा, ॲसिडात घालून त्यातलं तांबं काढायचं आणि मागं राहील त्यावरून दागिन्याचा टच सांगायचा. तो बरोबर सांगणाऱ्या माणसाला पेठेत मान. माझा टच कधी चुकला नाही आणि हे सांगताना मला अजिबात लाजायला होत नाही.

पण हात जपणं काही झालं नाही. त्या धंद्यात हात जपता येत नाहीत. हातमोजे फार उशिरा आले, तोवर ॲसिडनं आणि भट्टीनं बोटांची टोकं वरवंट्यासारखी गुळगुळीत करून टाकली होती. याच हातांवर विलास शिकला आणि याच हातांवर आमच्या माळावर द्राक्षाचे मांडव उभे राहिले. कुणी हार घालावा अशी माझी अपेक्षा नव्हती. यात्रेला गावी गेलो की आई माझा हात आपल्या हातात घेऊन बसायची, तेवढं मला पुरत होतं.

मग सगळ्यांच्या हातात टचचे फोन आले. विलासनं भावकीचा ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं ‘टचमध्ये राहूया’. माझी बोटं त्या काचेला कळतच नाहीत. चारदा घासावं तेव्हा एकदा उघडतो. त्यामुळं मी ग्रुपवर शुभ सकाळ टाकत नव्हतो, कुणाच्या वाढदिवसाला केक टाकत नव्हतो. झालं, मी माजलो. “आण्णा टचमध्ये न्हाई,” असं विलास येईल-जाईल त्याला सांगायला लागला. रोज फुलांची चित्रं पाठवणारे सगळे टचमध्ये होते.

त्या दिवशी दुपारी मी भट्टीपुढं होतो. खिशात फोन सारखा थरथरत होता. काढला तर उघडेना. शेवटी दुकानातल्या सेल्वमनं उघडून दिला. ग्रुपवर विलासचा मजकूर होता: आमच्या मातोश्रींचे दुःखद निधन. खाली हात जोडलेल्यांची रांग लागलेली. त्या ‘आमच्या’मध्ये मीही होतो, आणि मला ते पाहुण्यारावळ्यांच्या बरोबरीनं कळत होतं. घाईघाईनं फोन लावला तेव्हा विलास म्हणाला, “उन्हाळा हाय आण्णा, ठेवणं जमलं न्हाई. झालं सगळं.” थोरला मी, अग्नी द्यायचा मान माझा. मला कुणी विचारलंही नाही.

मी पोचलो ते रक्षाविसर्जनाला. राखेत हात घातला. जन्मभर आगीपुढं बसलेल्या हाताला ती राख अगदी गार लागली. त्या क्षणी विलासला तिथंच तुडवावं असं वाटलं होतं. चारचौघांत गप्प बसलो, एवढाच माझा चांगुलपणा.

पुढच्या खेपेला सोप्यात आईचा मोठा फोटो लावलेला दिसला. विलासनं विट्याच्या स्टुडिओत टचअप करून घेतला होता. टच इथंही आला. आईच्या सुरकुत्या पुसलेल्या, ओठांना रंग, अंगावर कधीच न नेसलेला भरजरी शालू, आणि कपाळ कोरं. बाबा गेल्यावर तिच्या कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके तेवढे राहिले होते, तेही स्टुडिओतल्या पोरानं डाग समजून काढून टाकले. विलास कौतुकानं म्हणाला, “कशी हिरॉइनीवानी दिसती बघ.” मला ती बाई ओळखू येईना.

तरीही मी हक्कसोड द्यायला कबूल झालो होतो. विलासला घर पाडून तिथं बंगला बांधायचा होता आणि उताऱ्यावर एकट्याचं नाव पाहिजे होतं. “तू काय आता परत येणार हायस व्हय?” असं त्यानं विचारलं. आईच नाही तर त्या भिंती घेऊन काय करू, असं मलाही वाटलं. म्हणून गेल्या महिन्यात विट्याच्या रजिस्टर ऑफिसात जाऊन रांगेत उभा राहिलो.

आमचा नंबर आला. मशीनवरची बाई म्हणाली, “काका, अंगठा नीट टच करा.” केला. उठला नाही. पुसून केला, थुंकी लावून केला, मशीन आपलं लालच. विलास चिडला. त्यानं माझा अंगठा धरला आणि जनावराचं तोंड पाण्यात दाबावं तसा काचेवर दाबला. मग मागं वळून रांगेतल्या लोकांना म्हणाला, “आमच्या आण्णाला मशीन बी वळखंना!”

लोक हसले. विलास सगळ्यांत मोठ्यानं हसला. तो अंगठा कशानं झिजला हे त्या रांगेत फक्त त्यालाच माहीत होतं.

बाई म्हणाली, “असू द्या, साक्षीदार धरून करता येतंय. सही करा.”

मी हात मागं घेतला. “न्हाई करणार.”

“आता काय झालं?” विलासचं हसू गेलं. “मगापास्नं अंगठा दाबतच हुतास की!”

“तवा दाबत हुतो. आता न्हाई. घरावर माझं नाव ऱ्हाणार.”

“ऱ्हायला येणार न्हाईस, टचमध्ये न्हाईस, आन् घर कशाला पायजे गड्या तुला?”

मी तसाच रिक्षानं घरी गेलो. सोप्यातला तो कोऱ्या कपाळाचा फोटो खिळ्यावरून काढला आणि पालथा करून कोपऱ्यात ठेवला. माझ्या पिशवीत एका यात्रेत काढलेला आईचा फोटो होता, मोठा करून आणलेला. नव्या बंगल्यात लाव म्हणून विलासला देणार होतो, इतका मी खुळा. त्यात आई उन्हानं डोळे बारीक करून बघतेय, हात भेगाळलेले, कपाळावर तीन ठिपके. तो खिळ्यावर लावला. विलासची बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिनं चहा विचारला नाही, मीही मागितला नाही.

दुकानावर गेलेल्या माझ्यासारख्यांनो, परत येणार का असं विचारून तुमच्याकडूनही सह्या मागितल्या जातील. तुमचं तुम्ही बघा. मला घर म्हणून आता तेवढी एक भिंत आहे, आणि ती मी सोडणार नाही.

विलास, येत्या यात्रेला मी येतोय. ग्रुपवर कळवणार नाही. सोप्यात पाय ठेवल्यावर आधी त्या खिळ्याकडं बघीन. आईचं कपाळ तिथं दिसलं नाही, तर त्याच भिंतीखाली अंथरूण टाकीन. मग तिकडं कोइमतूरचं दुकान बंद पडलं तरी मी उठणार नाही.