मखमलीचं पिल्लू

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातले संभाजीराव हातानं नाव ठेवायचे. डोळे मिटून कुत्र्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवायचा. केसांचा जो पोत लागेल, तेच नाव. एका सरदारांच्या शिकारखान्यात त्यांनी वीस वर्षं कुत्री सांभाळली. त्यात काथ्या होता, घोंगडी होती, साटण होती. रंगावरून नावं ठेवणाऱ्यांची ते थट्टा करत. "आंधळ्यालाही पटेल असं नाव पाहिजे," म्हणत. मात्र पिल्लाचं जावळ झडेपर्यंत नाव नाही, हा त्यांचा हट्ट.

सगळ्यांत जीव मखमलीवर. ती त्यांच्याच हातचं खायची.

अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर मध्यभारतात विलीन झालं आणि सरदारांनी शिकारखाना मोडायला काढला. कारभारी दिनकररावांनी संभाजीरावांना बोलावलं. दोघं लहानपणी एकाच तालमीत घुमलेले.

"नावांची फेहरिस्त द्या. मऊ केसांची वर, रखरखीत खाली. चांगली कुत्री वाऱ्यावर नाही जाऊ द्यायची. मखमल तुमचीच, फिकर करू नका."

संभाजीरावांनी भोळेपणानं मखमल पहिल्या ओळीत लिहिली.

चौथ्या दिवशी मोटार आली. इंदूरच्या एका बड्या साहेबाला खूश करायला दिनकररावांनी पहिल्या ओळीतलं नाव भेट देऊन टाकलं होतं. मखमल मागच्या काचेला पंजे लावून ओरडत गेली.

"अहो, कुत्रीच तर होती!" दिनकरराव म्हणाले.

संभाजीरावांना त्यांचा संताप आला, आणि त्याहून स्वतःच्या हाताचा. ज्या हातानं तिला ओळखलं, त्याच हातानं लिहून दिलं होतं.

तिचं एक पिल्लू मागं राहिलं. बिननावाचं, म्हणून यादीत नव्हतं. ते त्यांनी घरी नेलं. जावळ झडल्यावर उलटा हात फिरवला, तर आईपेक्षाही मऊ!

आठवड्यात दिनकरराव दारात हजर. "मखमलीचं पिल्लू तुमच्याकडं आहे म्हणे? साहेबांच्या मेहुण्यांना हवंय." दिनकररावांनी जन्मात कुत्र्याला हात लावला नव्हता, संभाजीरावांनी ठेवलेल्या नावावरच त्यांचा सारा भरवसा. "नाव काय ठेवलंत?"

पिल्लू संभाजीरावांच्या पायांत घोटाळत होतं.

"तरट," ते म्हणाले.

दिनकररावांनी तोंड वाकडं केलं. "बापावर गेलं वाटतं!" म्हणत ते पायरी उतरले.

पुढं तेरा वर्षं ती कुत्री त्यांच्यापाशी राहिली. हाताला सुचलेलं खरं नाव त्यांनी बायकोलाही, विजयाबाईंनाही, सांगितलं नाही. "तरट!" म्हणून हाक मारली की ती धावत यायची. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मात्र, खरं नाव तोंडून निसटू नये म्हणून, त्यांनी पुन्हा कधी डोळे मिटले नाहीत.