वगारीसाठी कूलर

माझी दगडातली सगळी जनावरं बसलेली आहेत. बसलेला बैल, बसलेली शेळी, अंगाचं मुटकुळं केलेली मांजर. काळ्या दगडात बारीक पाय टिकत नाहीत. छिन्नीचा एक घाव चुकला की जनावर लंगडं. प्रदर्शनात लोक विचारायचे, "तुमच्या जनावरांना उठायचा कंटाळा आहे का हो?" मी तिथं हसायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

म्हणून मी कांस्याची वगार करायची ठरवली. म्हशीचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू, काडीएवढ्या पायांवर पहिल्यांदा उभं राहणारं. ती आधी मेणात घडवावी लागते. मग अमरावतीचा ओतारी ती नेणार, तिच्यावर मातीचा साचा चढवणार आणि मेण वितळवून त्या जागी धातू ओतणार. सगळं ठीक होतं, फक्त महिना मे होता आणि गाव अकोला. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी हात पोळतं, तिथं मेणाची काय कथा! ओतारी यायच्या आदल्याच दिवशी वगारीचे गुडघे मऊ पडायला लागले.

मी हॉलमधला कूलर उचलून मागच्या शेडमध्ये, माझ्या कामाच्या जागी, वगारीसमोर लावला.

त्या कूलरवर माझ्या सासऱ्यांचा भारी जीव. बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी स्वतः त्यात पाणी भरतो आणि दुपारी त्याच्यासमोर आडवा होतो. त्या वेळात घरात कुणी मोठ्यानं शिंकायचंही नाही.

"मेणाले कूलर, अन् माणसानं काय करावं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, उद्या सकाळी ओतारी घेऊन जाईल तिला."

"म्हैस बी नाई, म्हशीचं सोंग! अन् तिले गार हवा!"

मीही काही मऊ स्वभावाची नाही. म्हटलं, "मग तुम्हीच शेडमध्ये येऊन झोपा." ते चहा अर्धा टाकून उठले आणि आमचा अबोला सुरू झाला.

दुपारी वगार बांधायच्या खोक्यासाठी भुसा आणायला मी बाजारात गेले, आणि दुकानातला पंखा थांबला. लाईट गेली होती. आमच्याकडे गेलेली लाईट कधी येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. ऑटोवाल्यावर ओरडत ओरडतच मी घर गाठलं. शेडमध्ये आता मेणाचा गोळाच बघायला मिळणार, असं धरूनच चालले होते.

शेडमध्ये सासरे बनियनवर उभे होते. जमिनीवर पाणी मारलेलं, दारात ओली चादर टांगलेली. हातपंख्यानं ते वगारीला वारा घालत होते, घामानं निथळत होते आणि तिच्यावरच खेकसत होते, "उभी राह्य ना वं! काहून वाकून राहिली?"

मला बघून म्हणाले, "मागचा पाय वाकला जरासा. म्या हात नाई लावला. तुयं काम हाय, बिघडलं असतं तं?"

तो पाय मी संध्याकाळी सरळ केला आणि वगार आज कांस्यात झकास उभी आहे. पण त्या वेळी मला पायाचं काही सुचलंच नाही. सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, धाप लागली होती. मला एकदम रडूच आलं. त्यांच्या हातातला पंखा ओढून घेतला, त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांना वारा घालू लागले.

ते भडकलेच. "मले काहून वारा घालून राहिली? तिले घाल!"