दादा माझ्या मागे होता

दादा हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाला, त्याच हिवाळ्यात त्याने मला सायकलवर बसवलं. शहरातल्या काही सायकलवाल्यांनी तळ्यांसाठी फेरी काढली होती. रामटेक, मग पेंचच्या बाजूची गावं आणि पारशिवनीवरून परत. रोज एका गावात मुक्काम. जमलेल्या देणग्यांतून एका गावच्या तळ्यातली जलपर्णी काढायची होती. मी सदरला बँकेत. कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता.

"तू जाय ना. मले कशाले ओढून राहिला?" मी म्हटलं.

"येकट्याले करमत नाही वं. चाल ना."

दादा असा कुणाच्या मागे लागत नाही. वहिनीलाही नवल वाटलं. मी सुटी टाकली. माझ्यासाठी गर्द पिवळं जाकीट त्यानेच आणलं.

कामठी सुटेपर्यंत ट्रकांनी जीव नकोसा केला. मी हळू चालवायची, बाकीचे पुढे निघून जायचे, पण दादा काही पुढे होईना. मोठा भाऊ राखण करतोय, म्हणून आधी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र चिडचिड व्हायला लागली, कारण त्याचं तोंड थांबत नव्हतं.

"डावीकडं काय आहे वं?"

"कापूस."

"वेचून झाला का? बाया दिसतात का वावरात?"

चढावर मला श्वास पुरत नव्हता. मी मागे न बघताच ओरडले, "दादा, डोळे नाहीत का तुले? पाहाय ना तूच!"

"आहेत ना," तो म्हणाला. मग मुक्कामाच्या गावापर्यंत त्याने काही विचारलं नाही. मला ते चक्क सुखाचं वाटलं.

तिथल्या शाळेत आमची उतरायची सोय होती. त्याने खिशातून बाटली काढून डोळ्यांत थेंब टाकले. रस्त्याची धूळ गेली, म्हणाला. सकाळी सगळे जलाशयावर पक्षी पाहायला निघाले. दादा बूट घालून व्हरांड्यात उभा होता. माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

"तू जाय त्यांच्यासोबत. मले उठवत नाही," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे मंग," तो म्हणाला आणि पायरीवर बसून बूट सोडू लागला. मंडळी परतली ती हिवाळ्यात येणाऱ्या हंसांबद्दलच बोलत. दादा एकेकाला धरून विचारत होता, पाण्यावरून उठताना कसे दिसले, डोक्यावरचे पट्टे खरंच काळे असतात का. मी चहा पीत मनात म्हटलं, एवढी हौस होती तर जायचं होतं.

फेरी संपली. हार घातले, फोटो काढले, आणि मी सोमवारी बँकेत लंगडत गेले.

होळीच्या सुमारास दादा आपल्याच गल्लीत, भर दुपारी, उभ्या स्कूटरला धडकला. वहिनी आणि मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. कडेची नजर बरीच आधी गेली होती; नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं उरलं होतं. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. थेंब कधीपासून टाकता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा दादाने हळूच सांगितलं, कारखान्यात होतो तेव्हापासून. वहिनी बाकावर बसली ती उठेचना. तिला तो ते थेंब ॲलर्जीचे म्हणून सांगत आला होता.

मला ते पिवळं जाकीट आठवलं. तो माझी राखण करत नव्हता. त्याला रस्त्यात माझी पाठ तेवढी दिसत होती, आणि तिच्यावर नजर ठेवून त्याने एवढी वाट सायकलवर कापली होती. ट्रक अंगाला घासून जात असताना.

"सांगितलं काहून नाही?" मी त्याला विचारलं.

"सांगितलं असतं तं जाऊ दिलं असतं का तू?"

"नसतं दिलं."

"मंग?"

कळलं असतं तर मी त्याला घरीच बसवलं असतं, हे खरं आहे. कळलं नाही म्हणून तो गेला, आणि कापसाच्या वावरांतून जाताना मी त्याची एका शब्दात बोळवण केली, हेही खरं आहे. त्या सकाळी जलाशयावर दहा पावलं लंगडत गेले असते तर काय बिघडलं असतं? त्याला ते पक्षी निदान समोरून तरी दिसले असते.

फेरीच्या देणग्यांतून त्या गावचं तळं साफ झालं म्हणतात. कुणी कौतुक केलं की मी मान डोलावते.

रविवारी मी त्याच्याकडे जाते, पेपर वाचून दाखवते. मोठे मथळे त्याला अजून दिसतात, पण शोधावे लागतात. यंदाच्या फेरीचं बोलावणं आलंय. "तू जाय वं," तो म्हणाला, "मी आता घरीच बरा." मी बातमी पुढे वाचत राहिले. बोलावणाऱ्यांना अजून काही कळवलेलं नाही.